विमान यायच्या आधी बे वर का उभं राहायचं आणि तिथे नेमकं काय करायचं

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर लाईन मेंटेनन्सला (विमानांच्या रोजच्या देखभालीला) नवीन पोरंपोरी आली की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो, सर स्नॅग (विमानातला बिघाड) असला तर ऑफिसात फोन येतोच ना, मग प्रत्येक अरायव्हलला उन्हात बे वर, म्हणजे विमान लावायच्या जागेवर, जाऊन उभं कशाला राहायचं. प्रश्न रास्त आहे. बाहेरच्या देशांत कितीतरी ठिकाणी ट्रान्झिटला (दोन फ्लाइटच्या मधल्या थांब्याला) इंजिनिअर येतच नाही, पायलट स्वतः खाली उतरून फेरी मारतो आणि काही सापडलं तरच मेंटेनन्सला बोलावतो, नियमात बसतं ते आणि पैसेही वाचतात. पण इतकी वर्षं हे काम करून माझं मत पक्कं झालंय की विमान लागल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत जे कळतं ते नंतर कितीही मॅन्युअल उपसलं तरी कळत नाही. ब्रेक गार होतात, गळती थांबते, आणि ज्या माणसाने स्नॅग प्रत्यक्ष अनुभवला तो माणूस बॅग ओढत निघून जातो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, एएमई (विमान देखभाल इंजिनिअरिंग) कॉलेजमधून नुकते बाहेर पडलेल्यांसाठी आणि जे बी१ (यांत्रिक) बी२ (इलेक्ट्रॉनिक) च्या लायसन्सची वाट बघत टेक्निशियन म्हणून काम करतायत त्यांच्यासाठी.

काम विमान उतरायच्या बरंच आधी सुरू होतं. किमान वीस मिनिटं आधी त्या विमानाचा इतिहास बघा, म्हणजे कुठले डिफर केलेले (दुरुस्ती पुढे ढकललेले) स्नॅग उघडे आहेत, एमईएलची (काय बिघडलेलं असताना किती दिवस उडता येतं त्या यादीची) कुठली मुदत संपत आलीये, गेल्या दोन-तीन दिवसांत तोच तोच स्नॅग परत आलाय का. एमईएलमधे बी कॅटेगरीला ३ दिवस, सी ला १० आणि डी ला १२०, आणि ज्या दिवशी स्नॅग लिहिला तो दिवस यात धरत नाहीत, हे डोक्यात पक्कं बसलेलं पाहिजे, नाहीतर रात्री बाराला कोणीतरी विचारतं हे विमान उद्या उडू शकतं का आणि तुम्ही बोटं मोजत बसता. एकार्सवरून (विमानातून जमिनीवर मेसेज पाठवायची यंत्रणा) हवेतूनच फॉल्ट मेसेज येतात तेही चाळा. पुणे हे काही मोठं बेस स्टेशन नाही, सगळे पार्ट इथे मिळत नाहीत, मुंबईहून गाडीने एक्सप्रेसवेवरून आणायचा का पुढच्या फ्लाइटने मागवायचा हा निर्णय विमान हवेत असतानाच घेतला तर दोन तास वाचतात. आधी उभं राहण्याचा हा पहिला फायदा, पॅसेंजरला तो कधीच दिसत नाही.

बरोबर घ्यायच्या गोष्टी सांगायला नकोत तरी सांगतो, चांगला टॉर्च (मोबाईलचा नाही), कानाला इअर मफ, रिफ्लेक्टिव जॅकेट, हेडसेट, टायर प्रेशर गेज, इंजिन ऑइलचे कॅन आणि खिशात छोटी वही. खिशात सुटे पेन, नाणी असलं काही ठेवू नका. बे वर पोचलात की विमान यायच्या आधी एक चक्कर मारून जमीन बघा, लोडरच्या बॅगेचं तुटलेलं चाक, कुलूप, पट्टीचा तुकडा, पाण्याची बाटली, काहीही पडलेलं असतं, ते उचला. ते आपलं काम नाही असं म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद न घालता उचला.

आता विमान वळून बे मधे शिरतं तेव्हा कुठे उभं राहायचं. मार्शलरच्या मागे किंवा विंगटिपच्या बाहेर, इंजिनच्या पुढे कधीच नाही. लाल बीकन (विमानावरचा लुकलुकणारा दिवा) चालू आहे तोवर विमान जिवंत आहे असं समजायचं. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबई विमानतळावर पुशबॅकच्या वेळी (विमान मागे ढकलताना) एक टेक्निशियन चालू इंजिनात ओढला गेला, आपल्यासारखाच ड्युटीवर आलेला माणूस होता तो. त्यामुळे चाकांना चॉक (अडसर) लागले, इंजिन बंद झाली, बीकन विझला, पंखा मंदावलेला डोळ्यांनी दिसला, त्यानंतरच पाऊल पुढे. घाईचं काम असलं तरी हा अर्धा मिनिट कोणासाठीही सोडायचा नाही, ड्युटी मॅनेजर कितीही हात हलवू दे.

पण उभे आहात तेव्हा नुसते उभे राहू नका, बघा आणि ऐका. टॅक्सी करताना कुठलं चाक कचकच करतंय, एका बाजूच्या ब्रेकमधून धूर येतोय का, विमान एका बाजूला झुकल्यासारखं दिसतंय का, इंजिन बंद होताना आवाज नेहमीसारखा उतरत गेला का मधेच घासल्यासारखा आला, मागच्या पाइपमधून पांढरा धूर किती वेळ राहिला. हे सगळं दोन मिनिटांत संपतं आणि कुठल्याही कॉम्प्युटरमधे साठत नाही. २० ऑगस्ट २००७ ला जपानमधे नाहा विमानतळावर तैपेईहून आलेलं ७३७-८०० पार्किंगला लागलं, आणि इंधन गळून आग लागली. विंगच्या पुढच्या स्लॅटचा (कडेच्या सरकत्या पट्टीचा) एक बोल्ट सुटून इंधनाच्या टाकीत घुसला होता. कॉकपिटमधून विंगखालची ही जागा दिसतच नाही, आग पाहिली ती खाली उभ्या असलेल्या ग्राउंडच्या लोकांनी आणि त्यांनी वर कळवलं. विमान जळून गेलं पण आतले १६५ जणच्या १६५ जण बाहेर पडले. नवीन मुलांना मी हे दरवर्षी सांगतो.

मग पहिली फेरी, गरम विमानाची फेरी. नाकापासून सुरू करून पूर्ण गोल फिरायचं आणि रोज त्याच दिशेने फिरायचं म्हणजे काही सुटत नाही. चाकांकडे जाताना समोरून किंवा मागून जायचं, बाजूने म्हणजे एक्सलच्या रेषेत कधीच नाही, कारण जास्त तापलेलं चाक फुटलं तर ते बाजूला उडतं. चाकात फ्यूज प्लग असतात, जास्त तापलं की ते वितळून नायट्रोजन सोडून देतात म्हणजे टायर फुटत नाही, पण त्या प्लगच्या भरवशावर आपण बाजूला जाऊन उभं राहायचं नसतं. लोहगावची रनवे साधारण अडीच किलोमीटरची, मोठ्या विमानतळांच्या मानाने आखूड, त्यामुळे इथे ब्रेक बऱ्यापैकी वापरले जातात. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते की ब्रेकचं तापमान विमान थांबल्यावरही काही मिनिटं वाढत राहतं. ए३२० ला ३०० डिग्रीच्या वर गेलं की ब्रेक हॉटचं कॉशन येतं आणि गार होईपर्यंत टेकऑफ नाही. तुम्ही पहिल्याच मिनिटाला बघितलंत तर कॅप्टनला सांगून, चॉक लागलेत याची खात्री करून पार्किंग ब्रेक सोडता येतो, पंखे लावता येतात आणि पस्तीस मिनिटांच्या टर्नअराउंडमधे विमान वेळेत निघतं, पंधरा मिनिटांनी पोचलात तर डिले तुमच्या नावावर. उलट ब्रेक किती झिजलाय ते पिनवरून बघायचं असेल तर पार्किंग ब्रेक लागलेला असायला हवा, सोडलेल्या ब्रेकवर पिन जास्त बाहेर दिसते आणि तुम्ही फसता. म्हणजे आधी पिन बघा मग ब्रेक सोडायला सांगा, आणि हा क्रम साधायला तिथे असावं लागतं.

इंजिन ऑइलचं पण तसंच आहे. शटडाउन झाल्या झाल्या बघितलं तर ऑइल अजून स्थिरावलेलं नसतं आणि खूप उशिरा बघितलं तर लेव्हल कमी दिसते, मग माणूस उगाच वर ओततो आणि इंजिन ओव्हरफिल होतं. मॅन्युअलमधे जेवढी मिनिटं दिलीयेत त्यातच बघायचं, इंजिनप्रमाणे आकडा बदलतो, तो पाठ असला तरी उघडून बघा.

पुण्यात पक्ष्यांचा त्रास आहे हे लोहगाव, धानोरी, टिंगरेनगर भागात राहणाऱ्या कोणालाही विचारा, घारी घिरट्या घालतच असतात. पक्षी आदळलाय हे कॅप्टनला दरवेळी कळतंच असं नाही. रेडोम (विमानाच्या नाकाचं टोपण), विंगची पुढची कड, लँडिंग गिअरच्या खोबणी, इंजिनचा स्पिनर (पंख्याच्या मधला शंकू) आणि फॅन ब्लेड, आणि ब्लेडच्या मागे आत टॉर्च मारून कोअरचं (इंजिनाच्या गाभ्याचं) तोंड, एवढं बघायचंच. रक्ताचा डाग ताजा असताना लाल-तपकिरी चिकट दिसतो, तासाभराने उन्हात तोच डाग ऑइलच्या जुन्या डागासारखा काळा होतो आणि माणूस पुढे निघून जातो. एकदा मला फक्त एक करडं पीस सापडलं होतं, डाव्या इंजिनाच्या आत ब्लेडच्या मुळाशी चिकटलेलं, नखाएवढं. कॅप्टनना काहीच जाणवलं नव्हतं. बोअरस्कोप केला (आत कॅमेरा घालून बघितलं), इंजिन चांगलं निघालं, विमान उशिरा गेलं आणि त्या रात्री मी शांत झोपलो. आणि हो, बर्ड हिट झाला तर त्याचा रिपोर्ट डीजीसीएला (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला) जायलाच हवा, इंजिन ठीक निघालं म्हणून विषय संपत नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसात संध्याकाळी ढग दाटून आले की विजेच्या खुणा शोधा. रेडोमच्या मागे बॉडीवर रिव्हेटजवळ मिरीच्या दाण्याएवढे जळल्याचे ठिपके असतात, विंगटिप आणि शेपटीला स्टॅटिक डिस्चार्जरची (स्थिर वीज हवेत सोडणाऱ्या बारीक कांड्यांची) टोकं जळालेली किंवा गायब असतात. कॅप्टन म्हणतात थोडा फ्लॅश दिसला, बाकी काही नाही. तो थोडा फ्लॅश ऐकला की फेरी परत पहिल्यापासून मारायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वर जाऊन बोलणं. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. २०१६ च्या पावसाळ्यात मी आधीच्या विमानाचे कागद पूर्ण करत ऑफिसात बसलो होतो, बे वर पोचायला बारा-पंधरा मिनिटं उशीर झाला, तोवर क्रू चेंज होऊन कॅप्टन गेलेले. टेक लॉगमधे (विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या वहीत) एक ओळ, लँडिंगला व्हायब्रेशन जाणवलं. बास. आम्ही नोज गिअरपासून सुरुवात केली, पुढची दोन्ही चाकं बदलली, टॉर्क लिंकचं (गिअरच्या सांध्याचं) प्ले म्हणजे ढिलेपणा मोजला, भर पावसात तीन तास गेले, आत दीडशे माणसं ताटकळलेली. शेवटी कसाबसा कॅप्टनचा फोन लागला. ते म्हणाले, अरे नाही, ब्रेक दाबला की यायचं आणि सोडला की जायचं, उजव्या पेडलला कळत होतं. म्हणजे उजव्या बाजूचा मेन ब्रेक. एका वाक्यात संपणारं काम होतं, आणि ते वाक्य ऐकायला मी तिथे नव्हतो. त्या दिवसापासून कागद मागे ठेवतो आणि आधी बे गाठतो.

तर कॉकपिटमधे कसं जायचं. त्यांची पार्किंगची चेकलिस्ट चालू असताना मधे बोलायचं नाही, दाराशी थांबायचं. झाली की नमस्कार सर, मी अमुक, इंजिनिअरिंग. मॅडम कॅप्टन असतील तर मॅडम. सगळं ठीक आहे ना सर असं विचारू नका, त्याला उत्तर एकच येतं, ऑल गुड, कारण माणूस दमलेला असतो, चौथं सेक्टर (उड्डाण) असतं, घरी जायचं असतं. त्याऐवजी विचारा, सर आज विमानाने काही वेगळं केलं का? या प्रश्नावर लोक थांबतात आणि आठवतात. मग म्हणतात, तसं काही नाही, पण हां, क्लाइंबमधे एकदा डावीकडची विंडो हीटची लाईट आली आणि गेली. हे त्यांनी लिहिलेलं नसतं कारण आपोआप गेलं. पण आपल्याला हेच हवं असतं, कारण आज आलं गेलं ते परवा भुवनेश्वरला रात्री दोनला येऊन बसतं.

मग पुढचे प्रश्न, कधी आलं, टॅक्सीला, चढताना, क्रूझला की उतरताना, किती वेळा, ढगात होता का, त्या वेळी काय काय चालू होतं, तुम्ही काही रीसेट केलं का आणि रीसेटनंतर परत आलं का. रीसेटचं नक्की विचारा. सर्किट ब्रेकर ओढून परत बसवला असेल किंवा कॉम्प्युटर रीसेट केला असेल तर जमिनीवर टेस्ट पास होणारच, आणि तुम्ही नो फॉल्ट फाउंड लिहून मोकळे होणार. प्रिंटरवरचा पोस्ट फ्लाइट रिपोर्ट हातात घेऊन बोला, त्यावर वेळ आणि फ्लाइटचा टप्पा छापलेला असतो, कॅप्टनची आठवण आणि तो कागद समोरासमोर ठेवले की स्नॅग अर्धा सुटतो. लँडिंग जरा जोरात झालं का हे विचारायला संकोच करू नका, पण आवाजात आरोप नको. मी म्हणतो, सर लोड रिपोर्ट (लँडिंगचा धक्का जोरात बसला की छापून येणारा) प्रिंट झालाय का बघू? एवढं पुरतं. इंजिनिअर आपल्याला अडकवायला आलाय असं पायलटला एकदा वाटलं की तो पुढे कधीच मोकळेपणी सांगत नाही, आणि मग बे वर उभं राहून उपयोग काय.

केबिन क्रूला विसरू नका, त्यांना विमानाच्या मागच्या भागाचं सगळं माहीत असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही. एकदा एका ताईने सांगितलं, सर मागे वास येत होता. कसला? जळका का? नाही, ओल्या मोज्यांसारखा. आता जळक्या वायरीचा वास वेगळा आणि ओल्या मोज्यांचा वेगळा, हा दुसरा वास म्हणजे बऱ्याचदा ऑइल ब्लीड एअरमधे (केबिनला मिळणाऱ्या दाबाच्या हवेत) येतंय. मी विचारलं, हवेत आला का खाली? ती म्हणाली, लँड झाल्यावर, टॅक्सी करताना. आणि कॅप्टननी एपीयू (शेपटीतलं छोटं इंजिन) चालू केलेला तोही लँडिंगनंतरच. म्हणजे संशय इंजिनांवरून सरळ एपीयूवर आला. एपीयू बंद केला, पॅनेल उघडलं, इनटेकच्या कडेला ऑइलची ओली रेघ दिसली, बोट फिरवलं तर गरम आणि ताजी. एमईएल बघून एपीयू डिफर केला, जीपीयू (जमिनीवरून वीज देणारी गाडी) आणि एअर स्टार्टची गाडी मागवली, विमान पंचवीस मिनिटं उशिरा गेलं. ती ताई बॅग घेऊन निघून गेली असती तर लॉगमधे फक्त केबिनमधे वास एवढंच आलं असतं आणि आम्ही रात्रभर दोन्ही इंजिनं तपासत बसलो असतो.

बोलणं झालं की लगेच टेक लॉगमधे लिहून घ्या. तोंडी सांगितलेला स्नॅग तोंडीच सोडायचा नाही, कॅप्टनना विनंती करायची, सर हे दोन ओळीत लिहून द्या, आणि ते लिहीत असताना त्यात टप्पा, वेळ, बाजू येते का ते बघायचं. काही जण म्हणतात राहू दे, लिहिलं की विमान अडकेल. नम्रपणे पण ठाम सांगा की न लिहिलेल्या गोष्टीवर मी काम करू शकत नाही आणि सहीही करू शकत नाही.

आणि काम झालं की जिथे जिथे हात लावला ते परत जागेवर आलंय का ते बघा. १४ ऑगस्ट २००५ ला ग्रीसमधे हेलिओसचं विमान पडलं, १२१ माणसं गेली. आदल्या फ्लाइटच्या क्रूने मागच्या सर्व्हिस दाराची तक्रार केली होती, इंजिनिअरने जमिनीवर प्रेशर चेक केला आणि प्रेशरायझेशनचा (केबिनमधला हवेचा दाब राखण्याचा) स्विच मॅन्युअलवर राहिला, पुढे क्रूच्याही चेकमधून तो सुटला. तक्रार ऐकली गेली होती, काम झालं होतं, स्विच तेवढा राहिला. तसंच पिटॉट (वेग मोजायची नळी) कव्हरचं. १८ जुलै २०१८ ला ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं ए३३० रात्री कव्हरसकट उडालं, तिन्ही पिटॉटवर कव्हर, स्पीडच दिसेना. तिथे कुंभारमाशी नळीत घर करते म्हणून कव्हर घातलेली. सुखरूप उतरलं, पण निघायच्या आधी ती कोणीच काढली नाहीत. म्हणून शेवटची फेरी वेगळी मारायची, पहिल्या फेरीच्या भरवशावर नाही. कव्हर काढलीत तर हातात मोजा, बॅगेत टाका, परत मोजा.

पुण्यात आणखी एक, रनवे हवाई दलाची आहे, त्यांची उड्डाणं चालू असली की आपल्याला कधीकधी थांबावं लागतं आणि मग तीन विमानं एकदम येतात. नवीन टर्मिनल १४ जुलै २०२४ ला सुरू झालं तरी धावपट्टी तीच आहे. अशा वेळी दोघंच ड्युटीवर असाल तर वाटून घ्या, ज्या विमानाचे स्नॅग उघडे आहेत आणि ज्याचा क्रू बदलणार आहे तिथे आधी सिनियर माणूस, ज्याचा तोच क्रू पुढे जाणार आहे तिथे पाच मिनिटं उशीर चालतो कारण कॅप्टन तिथेच बसलेले असतात. रोस्टर बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कागदावर दोन विमानांमधे एक माणूस बसतो म्हणून खरंच बसवू नका. एका माणसाचा पगार वाचतो खरा, पण तो उजव्या पेडलवाल्या संध्याकाळीसारख्या एका संध्याकाळीत निघून जातो.

पुशबॅक झाला, हेडसेट काढला, नाकाच्या चाकातून काढलेली स्टीअरिंगची पिन पायलटला दाखवली, हात केला, विमान टॅक्सीवेवर वळलं की मगच ऑफिसात या. आणि चहाच्या आधी हँडओव्हर रजिस्टरमधे कॅप्टन जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा, तुमचं निदान वेगळ्या ओळीत. रात्रपाळीचा माणूस दहाला येतो, त्याला तुमच्या निदानापेक्षा कॅप्टनचं ते वाक्य जास्त लागतं.